बटाट्यांत उकडलेलं विमान

आज सकाळी बटाटे उकडून उतरवले, तर ॲल्युमिनियमचं पातेलं आतून काळं पडलेलं. मी ते घासायला टाकलंच नाही, नुसता बघत राहिलो.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी कुवेतला रिफायनरीत इंजिनिअर आणि बायको नलिनी हॉस्पिटलात नर्स. रुमैथियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर मी जोडत असलेलं लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल महिनाभर ठाण मांडून होतं. चंदेरी रंग दिला की ते जत्रेतलं खेळणं दिसे. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या फॉइलचे तुकडे चिकटवून चमच्याच्या पाठीने घोटले. विमान लखलखलं, पण सगळीकडे सारखंच. खरं विमान इंजिनापाशी तापून काळवंडलेलं असतं.

नलिनी ड्यूटीवरून आली आणि वाकून बघत म्हणाली, "अहो, बटाट्यांच्या पातेल्यात टाका की फॉइल. पातेलं काळं पडतं, मग हे नाही पडणार?"

पडलं. अगदी तापलेल्या पत्र्यासारखं, करडं. ते तुकडे मी शेपटीशी, इंजिनाच्या जागी चिकटवले.

कंपनीच्या क्लबातल्या प्रदर्शनात एक इंग्रज साहेब भिंग घेऊन शेपटीशी थांबला. "हा रंग कुठला?" त्याने विचारलं. मी छाती फुगवून "माझीच युक्ती" म्हणणार, तेवढ्यात नलिनी शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "बटाटे. वीस मिनिटं, सालीसकट."

साहेबाने ते डायरीत लिहून घेतलं. मी मात्र ओशाळलो होतो.

आता कुणी विमानाची तारीफ केली, की तिने तोंड उघडायच्या आत मीच सांगतो, "हिची युक्ती. सालीसकट."