विंडोज गेलं केरात

चहाचे कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल आणि बोल मला लागेल. मी माझं ठरत आलेलं लग्न स्वतःच्या हातानं, चांगलं झाडून-पुसून, कचऱ्यात टाकलं होतं. कसं? ऐका!

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही जालन्यात मस्तगडला राहायचो. मी नुकता प्रोग्रामिंग शिकलो होतो, पण घरी कॉम्प्युटर नव्हता. पुण्याला छापखान्यात असलेल्या मावसभावानं त्यांच्याकडचा जुना मॅक मला देऊन टाकला. फुकटचा मॅक! मी आठ दिवस हवेत!

पण शिकलेलं सगळं विंडोजवरचं, आणि ती टूल्स मॅकवर चालेनात. मग एक सॉफ्टवेअर मिळवलं. ते मॅकच्या पोटात एक खोटा पीसी तयार करायचं. त्या पीसीत विंडोज, विंडोजमध्ये माझी टूल्स आणि टूल्समध्ये माझा प्रोग्राम. सगळं चालायचं घनसावंगीच्या भरलेल्या जीपसारखं रखडत, पण चालायचं!

त्या खोट्या पीसीची अख्खी हार्डडिस्क म्हणजे मॅकच्या लेखी एक फाइल. तिला नाव द्या, मॅक म्हणाला. मी काय दिलं असेल? 'श्री'! अहो, नव्या वहीवर आपण पहिलं काय लिहितो? हात आपोआप गेला.

आणि माझा प्रोग्राम होता पत्रिका जुळवायचा.

त्यातच वाटूरचं स्थळ आलं. मुलगी सुनीता, परतूरला बीएस्सी करणारी. फोटो पाहूनच माझी विकेट पडली! तिच्या मामांनी मात्र निरोप धाडला, "पोरगा मशीनवर पत्रिका जुळवतो म्हने. आमच्या म्होरं जुळवून दाखवा, मंग बोलू." रीतीप्रमाणे आम्ही वाटूरला जायचं, पण मामा म्हणाले, "मशीन काय जीपमदी बसून येनार हाये? आमीच येतो, पोरीला घिऊन!"

झालं! त्या सकाळी आईनं घर डोक्यावर घेतलं. "दिन्या, पाव्हणे येऊन राह्यले! जे जे पडून हाये ते फेक बाहेर!"

माळा झाला, कोनाडे झाले. मग मला वाटलं, मॅकही तुडुंब भरलाय, तोही साफ करावा. सगळ्यात मोठी फाइल शोधली. नाव 'श्री'! मनात म्हटलं, कधीतरी टायपिंग बघायला लिहिलं असेल. एका शब्दाला एवढी जागा? विदेशी मशीन आहे, खात असेल! देवाचं नाव म्हणून आधी नमस्कार केला, आणि दिली कचऱ्यात. वर कचराही रिकामा केला. केर घरात ठेवू नये, असं आई सांगतेच ना!

केवढी जागा झाली म्हणून सांगू! मी शीळ घालत अंघोळीला गेलो.

दुपारी पाव्हणे आले. पोहे झाले, चहा झाला. सगळे मॅकसमोर बसले. अण्णा, म्हणजे आमचे वडील, छाती फुगवून म्हणाले, "ह्याचं मशीन कधी चुकत न्हाई बरं का!"

मी ऐटीत खोटा पीसी चालू केला. ठण्ण! पडद्यावर इंग्रजीत एक चौकट.

"काय म्हनून राह्यलं?" मामा पुढं सरकले.

अण्णांनी चष्मा लावून वाचलं. "सापडत न्हाई म्हनतंय."

"काय सापडत न्हाई? आमच्या पोरीचे गुण?"

"न्हाई, न्हाई!" मी परत दाबलं. ठण्ण! परत दाबलं. ठण्ण!

"अन्ना," मामांचा आवाज चढला, "पोरीची पत्रिका अजून माझ्या खिशात हाये, अन् हे आधीच नको म्हनून राह्यलं?"

मी घाबरून मॅक बंद करून चालू केला. आता हा मॅक चालू होताना पडद्यावर एक चेहरा यायचा. हसरा! आला. हसला.

"वरून हसून राह्यलं! चला उठा, जल्दी!"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. श्री! सकाळी टाकलेली ती फाइल म्हणजेच खोट्या पीसीची अख्खी हार्डडिस्क! प्रोग्रामची दुसरी प्रत? नावच काढू नका. मामा चपला शोधत होते, आई रडायच्या बेतात, सुनीता खाली मान घालून बसलेली. ती गेली तर परत येणार नव्हती.

"मामा, थांबा!" मी ओरडलोच. "मशीन काही बोललं नाही! मीच सकाळी विंडोज कचऱ्यात टाकलंय! पाव्हणे येणार म्हणून साफसफाई केली!"



"फाइल टाकताना नाव न्हाई का वाचलं?" सुनीता. पहिल्यांदाच बोलली.

"वाचलं की. श्री होतं. नमस्कार करून टाकलं."

पदर तोंडाला लावून ती जी हसत सुटली! आई हसली, अण्णा हसले. मामा चपला हातात घेऊन उभे. शेवटी म्हणाले, "पोरगं खोटं बोलत न्हाई. अक्कल बिलकुल न्हाई, पन खोटं न्हाई."

"अक्कल माझ्याकडं हाये, मामा," सुनीता म्हणाली.

पत्रिका शेवटी मस्तगडच्या गुरुजींनी बोटांवर मोजून जुळवली. लग्नपत्रिकेचा मजकूर पक्का करून मी वाटूरला धाडला. तो परत आला तेव्हा सगळ्यात वरच्या 'श्री'ला लाल पेनानं गोल केलेला, आणि शेजारी होणाऱ्या नवरीचं अक्षर: "एवढं कचऱ्यात टाकू नका. ह्याच्याखाली माझं नाव हाये."