हात केला आणि विमान थांबलं

एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या पाठीमागं दुसरा उभाच असतो, रेशनच्या रांगेत असावा तसा! आमच्या विमान कंपनीचं तसंच झालंय. आमची म्हणजे मालकीची नव्हे हो. मी कसबा बावड्याचा, समीर मुल्ला जयसिंगपूरचा आणि प्रज्ञा कांबळे बिद्रीची. तिघंही सायबेरियातल्या एका आडबाजूच्या शहरात डॉक्टरकी शिकलो. थंडीत रस्ते बर्फाखाली गेले की तिथून बाहेर पडायला ही एकच कंपनी. तिला आम्ही ‘यष्टी’ म्हणायचो.

आता तिघंही कोल्हापुरात प्रॅक्टिस करतो, रविवारी मिसळीला भेटतो आणि कट येईपर्यंत यष्टी स्टँडवरून सुटलेली असते. कंपनी बंद पडली. पण माझे वडील, आबा, आज घरात बसून मोठ्यानं पेपर वाचतात ते तिच्या उपकारानं. त्यामुळे तिच्याबद्दल वाकडा शब्द मी ऐकून घेत नाही. हसायला मात्र सगळ्यांना परवानगी आहे!

*

पूर्वी रशियात सगळी विमानं सरकारच्या एकाच कंपनीची. ते सरकार मोडलं, तशी त्या थोरल्या कंपनीचीही भावकीत वाटणी झाली. आमच्या शहराच्या वाट्याला तीन विमानं आली, पंख्याची, वयानं आमच्यापेक्षा मोठी. त्यातलं एक उडायचं. दुसरं कायम दुरुस्तीत. तिसरं कुंपणाला लागून उभं असायचं आणि त्याचे पार्ट काढून पहिल्या दोघांना बसवायचे.

समीरनं पहिल्याच आठवड्यात कंपनीचा आढावा घेतला. “एक उडतंय, एक रडतंय, आन् एक वाटून खाल्लंय!”

*

तिकिटाच्या खिडकीत गालिना मावशी बसायची. तिकीट दिलं की खिडकी लावून ती काट्यापाशी यायची आणि बॅगा तोलायची. मग माइकवर घोषणा करायची. मग विमानाच्या दारात उभी राहून तिकीट तपासायची. स्वतःच दिलेलं तिकीट, पण चष्मा लावून, उलटंपालटं करून, संशयानं! वर गेल्यावर चहाही तीच द्यायची.

मावशी बोलायची रशियनच, पण आमच्या डोक्यात तिचं सगळं कोल्हापुरीतच साठलंय, म्हणून तसंच सांगतो. एकदा प्रज्ञानं विचारलं, “मावशी, इमान तेवढं तुम्ही चालवत न्हाईसा, व्हय?”

मावशी अगदी गंभीरपणे म्हणाली, “पेत्रोविचला सर्दी झाली तर बघू की.”

*

पेत्रोविच काका म्हणजे कंपनीचे थोरले पायलट. माणूस भिंतीएवढा, आवाज त्याहून मोठा.

आमचा पहिलाच प्रवास. दार लागलं, पट्टे बांधले, आणि इंजिन सुरू व्हायच्या ऐवजी पेत्रोविच काका कॉकपिटमधून बाहेर आले आणि पुढच्या सीटवर गप बसले. मावशी बसली. बोलणारी माणसंही बोलायची थांबली. विमानात चिडीचूप! समीरनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. गाडी बंद पडली की काय करायचं हे आम्हाला लहानपणापासून पाठ. आम्ही दोघं पट्टे सोडून, बाह्या सारून दाराकडं निघालो.

“कुठं चाललासा?” मावशी ओरडली.

“धक्का माराय!” समीर म्हणाला.

सगळं विमान हसलं. नंतर काकांनी समजावलं. त्यांच्याकडं प्रवासाला निघताना सगळ्यांनी मिनिटभर गप बसायची रीत आहे. उठून तडक पळत सुटलं की माघारी येणं होत नाही म्हणे. घरातून निघताना सगळेच बसतात, पण विमानात बसवणारे काका एकटेच. ते म्हणाले, “आपल्याकडं येळ लई हाय. इमानं कमी हाईत.”

*

थंडी अशी, की इंजिनावर रात्री जाड वाकळी पांघरायला लागायच्या. खरंच सांगतो, आजीनं शिवावी तशी वाकळ, फक्त विमानाच्या मापाची! सकाळी नळानं गरम हवा सोडली की तासाभरानं इंजिन खोकायला लागायचं.

अशाच एका खेपेला प्रज्ञाच्या आईनं पाठवलेला कांदा-लसूण चटणीचा डबा वर गेल्यावर फुटला. पाच मिनिटांत पुढून मागं शिंका सुरू झाल्या. कॉकपिटचं दार उघडलं आणि पेत्रोविच काका लाल डोळ्यांनी बाहेर आले. आम्ही तिघं खिडकीबाहेरचे ढग बघायला लागलो.

काकांनी सांडलेल्यातली बोटभर चटणी उचलली, पावाला लावली आणि खाल्ली. डोळे पुसले. मग म्हणाले, “ही इंजिनात घालता येती का?”

त्यानंतर बिद्रीहून एक डबा कायम कॉकपिटच्या नावानं यायचा.

*

आता माझा किस्सा. हा सांगायला लागलो की समीर मुद्दाम दुसरीकडं बघतो.

ताईचा फोन आला. आबांच्या हृदयाची झडप गेलेली, ऑपरेशन ताबडतोब करायला पाहिजे होतं. आणि आबा अडून बसलेले. आबा साखर कारखान्यातले फिटर, एकदा नाही म्हटलं की नाही! “पोरगं डोळ्यांनी बघितल्याबिगर म्या टेबलावर चढणार न्हाय.” डॉक्टर म्हणत होते, थांबण्यात धोका आहे.

मी तसाच विमानतळावर पळालो. खिडकी बंद. काटा मोकळा. कारण खिडकी, काटा, माइक, सगळं जिच्याकडं ती मावशी विमानात! आणि विमान सरकायला लागलेलं. दुसऱ्या दिवसापासून वादळ, म्हणजे पुढचं विमान कधी ते सांगता येत नव्हतं.

काय करावं सुचेना. मी कुंपणाशी गेलो आणि बावड्याच्या फाट्यावर करतात तसा हात केला. दोन्ही हात केले. “ओ मावशी! थांबा!” मराठीतनंच.

आणि विमान थांबलं! वळलं, आणि माघारी आलं. शिडी टेकवून मावशी दारात उभी. “तिकीट?”

“न्हाय. माझा बा...”

“चढ. वर काढू.”

आत गेलो तर लोकांचे चेहरे पडलेले. मला वाटलं, उशीर झाला म्हणून. तर तसं नव्हतं. निघालेल्यानं माघारी फिरणं त्यांच्यात अपशकुन. त्यावर उतारा एकच, आरशात तोंड बघून निघायचं. मावशीनं पर्समधला हातभर नव्हे, बोटभर आरसा काढला. आधी काकांनी बघितलं. मग आरसा रांगेरांगेनं फिरला. एका म्हाताऱ्यानं त्यात मिशी नीट केली. एका बाईच्या मांडीवर टोपलीत कोंबडा होता, तिनं त्यालाही दाखवला. शेवटी आरसा माझ्याकडं आला. मग सगळे पुन्हा मिनिटभर गप बसले. माझ्या बापासाठी! ज्यांना कोल्हापूर कुठं आहे ते माहीत नाही अशी माणसं.

मी पोचलो. आबांनी मला खालवर बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाले, “चला, घ्या आता.”

*

बरे झाल्यावर आबांना एकच विषय. कारखान्याच्या कँटीनमध्ये जाऊन सांगायचे, “रशियाचं इमान माझ्यासाठी माघारी फिरलं.”

कुणी विश्वास ठेवेना. एक जुना मित्र म्हणाला, “आबा, हितं रिकामी यष्टी हात करून थांबत न्हाय, आन् तुझ्यासाठी इमान थांबलं व्हय?”

आबा शांतपणे म्हणाले, “तिथली माणसं चांगली हाईत.”

*

पुढं नवे नियम आले, मोठ्या कंपन्यांची जेट विमानं आली आणि आमच्या यष्टीचा परवाना संपला. शेवटच्या दिवशी उरलेलं एकमेव विमान दुसऱ्या शहरात पोचवून द्यायचं होतं. प्रवासी नाहीत. मावशीनं आम्हाला व्हिडिओ कॉल लावला. बावड्यात माझ्या घरी आम्ही तिघं फोनपुढं. तिकडं रिकाम्या सीटांमध्ये मावशी. पेत्रोविच काका कॉकपिटमधून आले, पुढच्या सीटवर बसले. आम्हीही बसलो. आबा आतून आले, कुणाला काही न विचारता मांडी घालून बसले. मिनिटभर इकडं कोल्हापूर गप, तिकडं सायबेरिया गप.

काका उठले. आबा फोनकडं वाकून म्हणाले, “पावणं, जातो म्हणू नगासा. येतो म्हणायचं.” मी ते रशियनमध्ये सांगितलं. काकांनी मान हलवली आणि आत गेले.

विमान सरकलं. धावपट्टीच्या टोकापर्यंत गेलं. आणि थांबलं. वळलं. परत जाग्यावर येऊन उभं राहिलं.

“काय झालं, मावशी?” प्रज्ञा घाबरून ओरडली. “कोण राह्यलंय?”

“पावण्यांनी ‘येतो’ म्हणायला सांगितलं न्हवं, म्हणून आलो,” कॉकपिटमधून बाहेर येत काका म्हणाले. मावशीनं पर्स उघडली, तो आरसा काढला, काकांना दाखवला, स्वतः बघितलं, आणि मग फोनसमोर धरला.

आबांनी टोपी सरळ केली.