विहारातल्या फळ्यावरची ओळ

सोपानमामा गेल्याची बातमी मंगळवारी सकाळी सात वाजता सांगलीत फोनवर कळली. फोन मामीचा होता. "मामा गेलं तुजं. सव्वासहाला. चहा घेतला, कप खाली ठिवला, आन् खुर्चीतच..." मग ती म्हणाली, "राहुल रात्रीच आलाय. तू सावकाश ये." वृत्तपत्राच्या कामात बातम्या घेता घेता निम्मं आयुष्य गेलं, पण इतकी नेमकी बातमी फार थोड्यांनी दिली. वेळ, जागा, शेवटची कृती. त्यातलं राहुलबद्दलचं वाक्य मात्र काही वर्षांपूर्वी मामीला बोलताच आलं नसतं. राहुल त्यांचा एकुलता मुलगा, आणि मध्यंतरी सलग सहा वर्षं तो घरी आला नव्हता.

विट्यावरून वडूजला जाणाऱ्या एसटीत मामांची पहिली आठवण आली ती खांबावरची. ते माझ्या आईचे थोरले भाऊ, वीज मंडळात वायरमन. सारी नोकरी खटाव तालुक्यात झाली. लाइन बंद असल्याची स्वतः खात्री केल्याशिवाय ते खांबाला हात लावत नसत. साहेबाचा फोन आला तरी नाही, गावानं शिव्या घातल्या तरी नाही. एका जोडीदारानं एकदा ही खात्री न करता हात घातला. त्याला खाली घेताना मामा होते. त्या दिवसाबद्दल ते जास्त बोलले नाहीत, पण नियम या शब्दाचा अर्थ त्यांच्यापुरता तिथेच ठरला. नियम पाळला तर माणूस घरी जातो, मोडला तर जात नाही. मधलं काही नसतं.

निवृत्तीनंतर वस्तीतल्या बुद्धविहाराची किल्ली त्यांच्याकडे आली. दर रविवारी सकाळी आठला वंदना, मग पंधरा मिनिटं मामांचं बोलणं. धम्माची पुस्तकं त्यांनी बरीच वाचली होती, पण बोलताना भाषा वायरमनचीच असे. चार आर्यसत्यं त्यांनी एकदा अशी सांगितली : "लाइट गेलीया, हे आधी कबूल करा. हे दुःख. कुटंतरी फॉल्ट हाय, ती तृष्णा. फॉल्ट निघतो, ही तिसरी गोष्ट. आन् काढायची एक रीत हाय, आठ पायऱ्यांची. अंधारात बसून देवाला हाका मारल्यानं लाइट येत न्हाई, गड्या. उठावं लागतं." मागून कोणीतरी विचारलं, "मामा, आन् बिल?" मामा म्हणाले, "ते कर्म. ज्याचं त्यानं भरायचं."

बोलणं संपलं की पंचशील. जीवहत्या करणार नाही, न दिलेलं घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. इतर विहारांत ही पाच शीलं सगळे मिळून पालीत म्हणतात. मामा पालीनंतर तीच मराठीत म्हणायला लावत, आणि त्यांनी एक नियम घातला होता. फळ्यावर खडूनं लिहिलेलाच होता : 'आठवड्यात जे मोडले, ते म्हणू नये.' ज्यानं जे शील मोडलं, त्यानं त्या ओळीला गप्प राहायचं. दोन ओळींच्या मध्ये मामा एक श्वास थांबत. त्या थांबण्यात कोण गप्प राहिलं, ते शेजाऱ्याला बरोबर कळे.

सुरुवातीला या नियमाची वस्तीत गंमत होती. दुसऱ्या ओळीला गप्प बसलेला माणूस सोमवारी सकाळी तारेवरचा चोरीच्या विजेचा आकडा काढून ठेवी, कारण दुपारी मामा सहज म्हणून त्याच्या गल्लीतून जात. निवृत्त झाले तरी नजर खांबावरच. तिसऱ्या ओळीला कधीच कोणी गप्प राहिलं नाही. एकदा एकाला नेमका तिथंच खोकला लागला, तर बायकांच्या रांगेतून आवाज आला, "आवं, पाणी द्या त्याला, न्हाईतर घरी जाऊन मार खाईल." पाचव्या ओळीला चार-पाच जण ठरलेले. त्यातले दोघं पुढं खरंच सुटले. मामांना हा नियमाचा विजय वाटे. बाकीचे हळूहळू येईनासे झाले, त्याची नोंद त्यांनी घेतली नाही.

राहुल तेव्हा सव्वीसचा. शिरवळला एका कारखान्यात कामाला, शनिवारी रात्री वडूजला यायचा. एका रविवारी तो पाचव्या ओळीला गप्प राहिला. पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी विहार भरलेला होता आणि वंदना सांगणाऱ्याचा मुलगा काय करतो, याकडे सगळ्यांचे कान होते. तो गप्प राहिला. खोटं म्हणून सुटका करून घेणं त्याला जमलं नाही, हे आता लक्षात येतं. त्या दिवशी मामा घरी काही बोलले नाहीत. न बोलणंच पुरेसं होतं. राहुल दुपारच्या गाडीनं गेला आणि परत आला नाही. दिवाळीला नाही, वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाही. "पोराला कंपनीत सुट्टी मिळत न्हाई," मामा विचारणाऱ्याला सांगत. सहा वर्षं हेच उत्तर होतं.

मग एका रविवारी मी वडूजला असताना जे घडलं, ते विहारात मागच्या भिंतीला टेकून ऐकलं. चौथी ओळ आली. बायकांच्या रांगेतून मामीचा आवाज आला नाही. मामांचा श्वास त्या दिवशी जरा लांबला. आम्ही घरी आल्यावर त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि विचारलं, "काय खोटं बोललीस?"

"राहुलला दर बुधवारी फोन करती. तुमी इचारलं तवा न्हाई म्हणलं."

"सहा वर्षं?"

"व्हय. सहा वर्षं."

"मग आजच का गप्प बसलीस?"

मामी पोळपाट पुसत होती. तिनं मान वर केली नाही. "कारण तुमी गप्प बसत न्हाई. लोकं इचारतात राहुल का येत न्हाई, तुमी काय सांगता? सुट्टी मिळत न्हाई. आन् रविवारी चौथं शील म्हणता खड्या आवाजात. म्हणलं, घरातलं एक तरी माणूस गप्प बसू दे."

मामा खुर्चीत बसले. मामीनं कणीक मळायला घेतली आणि मग, जणू भाजीचं विचारावं तशी म्हणाली, "वाऱ्यानं तार तुटली की तुमी जोडाय जात हुता. का खांबच उपटत हुता?"

शीलं म्हणजे आज्ञा नव्हेत, मोडली म्हणून बुद्ध कोणाला शिक्षा करत नाही. माणूस स्वतःच स्वतःसाठी ती घेतो आणि सुटली की पुन्हा घेतो. हे मामांनी स्वतःच किती तरी रविवारी सांगितलं होतं. पुस्तकात त्यांनी ते वाचलं होतं, खांबावर मात्र उलटं शिकले होते. कुठल्या शिकवणीला कुठं ठेवायचं, एवढीच चूक होती. तिची किंमत त्यांच्या मुलानं दिली होती.

गुरुवारी ते मला घेऊन शिरवळला गेले. सातारा मागे टाकून घाट उतरल्यावर, तिकडच्याच खंडाळ्याच्या अलीकडे म्हणाले, "तू बातमी चुकली तर काय करतोस?" मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी त्याच पानावर चूक कबूल करतो. "त्याच पानावर?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग खिडकीबाहेर बघत राहिले.

राहुलची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दार उघडल्यावर तो आधी माझ्याकडे बघत राहिला. मग वडिलांकडे वळून म्हणाला, "दादा, अजून सुटली न्हाई बरं. आधीच सांगतो."

"मी इचारलं का?" मामा म्हणाले. आत जाऊन बसले. गुडघ्यांवर हात ठेवले. "मी बी चौथं मोडलंय. सहा वर्षं, दर रविवारी. तुज्यावरनंच."

राहुल उभाच होता. "मग आता काय, तुमी बी शिरवळला राहायला येता का?"

मामा हसले. इतक्या वर्षांत त्यांना मोठ्यानं हसताना मी दोनदाच पाहिलं, त्यातलं हे एक. "न्हाई रं. तू ये. रविवारी. मला एक गोष्ट सांगायची हाय, ती तू असताना सांगायची हाय."

रविवारी राहुल आला, आणि सुट्टीचं कारण खोटं होतं हे त्यांनी सांगितलं. सगळ्यांसमोर, जिथं मुलगा गप्प बसला होता तिथंच. चार वाक्यं होती, विशेषणं नव्हती. मग ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि लिहिलं : 'आठवड्यात जे मोडले, ते आधी म्हणावे.' त्या दिवसापासून तिथली वंदना बदलली. पाच शीलं सुरू होण्याआधी ज्याला हवं तो आपलं मोडलेलं शील एकट्यानं म्हणतो. कोणी वळून बघत नाही. सोडून गेलेल्यांपैकी तिघं परत आले. राहुल दर रविवारी येत नव्हता, पण येत होता.

शेवटची भेट जाण्याआधी पंधरा दिवसांची. ओसरीत बसलो होतो, छातीचं दुखणं आता लपत नव्हतं. भीती वाटते का, असं मी विचारलं. "जे तयार झालं ते जाणार. वायर काय, माणूस काय. भीती न्हाई वाटत..." मग हातातल्या चहाच्या कपाकडे बघून म्हणाले, "ह्याचं जरा वाईट वाटतं. एवढी एक तृष्णा ऱ्हायली बघ." मामी आतून म्हणाली, "साखर बी ऱ्हायलीया. तिचं नाव घ्या."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारातच झाला. पांढरे कपडे, मेणबत्त्या, फुलं. दहावं नाही, तेरावं नाही. रक्षा त्यांनी सांगितल्याप्रमाणे विहारामागच्या आंब्याच्या बुडाशी घातली. वंदना सांगायला शेजारच्या गावचे एक गुरुजी आले होते. शीलं सुरू होण्याआधी ते थांबले. राहुल पहिल्या रांगेत होता. आदल्या रविवारी तो प्यायला होता, हे त्यानंच मला सांगितलं आणि लिहायलाही परवानगी दिली. त्यानं पाचवं शील एकट्यानं म्हटलं. आवाज मध्ये फाटला, पण ओळ पुरी झाली. मग सगळ्यांनी पाचही म्हटली, प्रत्येक ओळीनंतर एक श्वास थांबून. तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं.

खडूची अक्षरं आठवडाभरात धूसर होतात. मामा दर शनिवारी ती पुन्हा गिरवत. परवा शनिवारी वडूजला गेलो तेव्हा विहाराचं दार उघडं होतं. राहुल स्टुलावर उभा राहून फळ्यावरची ओळ गिरवत होता. अक्षर वडिलांसारखं नाही, जरा तिरकं आहे. त्यानं मान न वळवता विचारलं, "दादांचा खडू कितीसा उरलाय बघ रं, त्या खिडकीत." बोटाच्या पेराएवढा होता. मी तो त्याच्या हातात दिला.