पोळ्याच्या दिवशी आलेलं विमान

मोटारींचं वेड मला मलकापुरात लागलं. मी ज्या कापसाच्या जिनमध्ये कामाला होतो, तिथल्या मालकाकडे हँडल मारून सुरू होणारी एक जुनी विलायती गाडी होती. दसऱ्याला तिच्या चाकांखाली लिंबं ठेवायचे आणि बैलाच्या कपाळाला लावावं तसं बोनेटला कुंकू लावायचे. आमच्याकडे जे राबतं त्याला ओवाळतात, मग ते लोखंडाचं का असेना.

विमानं मात्र मी चित्रांतच पाहिलेली. रद्दीतल्या मासिकांतून पहिल्यावहिल्या विमानांची चित्रं कापून मी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली होती. लाकूड, कापड आणि तारा, बस. उघड्यावर बसलेल्या त्या माणसांच्या तोंडावर इंजिनाचं तेल उडायचं, हे वाचून मला त्यांचा हेवा वाटायचा.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. पोळ्यासाठी मी अमडापूरकडच्या आमच्या गावी आलो होतो, तेव्हा दवंडी फिरली. उद्या कपाशीवर विमानातून औषध फवारणार, विहिरी झाका, गुरं बाहेर सोडू नका.

"पोळ्याच्या दिवशी?" कुणीतरी विचारलं.

"विमानाले काय ठाऊक पोळा?" दवंडीवाला म्हणाला.

त्या संध्याकाळी दादानं, माझ्या थोरल्या भावानं, बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्या कानात म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." मग माझ्याकडे वळला. "उद्या नाल्यावर नको नेऊ बे. घरच्या विहिरीवरच धू. अन् तुयं विमान घराच्या धाब्यावर चढून पाह्य."

मी हाव म्हणालो. पण विमान नाल्यावरून वळणार, असं मी ऐकलं होतं. सकाळी दादा बाजारात शिंगांसाठी बेगड आणायला गेला आणि मी बैल नाल्यावर नेले.

ते आलं तेव्हा मी ओरडलोच. एकावर एक दोन पंख, मधे ताणलेल्या तारा. माझ्या ट्रंकेतलं चित्रच उडत आलं होतं. कपाशीच्या शेंड्यांना टेकेल इतकं खाली. चालवणाऱ्याचा चष्मा मला दिसला. मागे पांढरं धुकं पसरत होतं, त्याचा उग्र वास नाकात बसला. एक बैल बाभळीला बांधलेला होता. दुसऱ्याचा कासरा माझ्या हातून सुटला आणि तो काठावरचं, फवाऱ्यानं ओलं झालेलं गवत खाऊ लागला. मी ते पाहिलं. त्याला ओढून आणायला हवं होतं. पण विमान परत वळत होतं.

"विहिरीवरच धुतले ना?" बाजारातून परतल्यावर दादानं विचारलं.

"हाव."

तोरणाखालून बैल घरी आले. दादानं स्वतःच्या हातानं पुरणपोळ्या भरवल्या. गवत खाल्लेल्या त्या बैलाला एक जास्तच. "घे बाबा, वर्षातून एकदा." दिवस मावळायच्या आत त्याचे पाय थरथरू लागले. तोंडाला फेस आला, पोट फुगलं.

शेजारचे म्हातारे बाबा म्हणाले, "पुरण बाधलं. लाडानं मारलंस गड्या."

चिखलीला गुरांचा डॉक्टर होता. विष आहे असं मी म्हटलं असतं तर दादा धावत गेला असता. मी गोठ्याच्या खांबाला धरून उभा राहिलो आणि दादा त्याच्या पोटाला गरम तेल चोळत राहिला. बैल त्याच्या मांडीवर मान टाकून मेला.

त्यानंतर दादानं कुठल्याच बैलाला पुरण घातलं नाही. पोळ्याला ताट आणायचं, बैलापुढे फिरवायचं आणि परत न्यायचं. पुढ्यात कडबा. "याच्या घरचं आवतन म्हणजे उपास," लोक हसायचे. मी मलकापुरात मोटारी दुरुस्त करत राहिलो. दर पोळ्याला गावी जायचो आणि ते ताट परत जाताना पाहायचो.

यंदा म्हातारपणानं दादाचे हात कापत होते. ताट त्याच्याकडून धरवेना, म्हणून मी धरलं. बैलानं पुरणाच्या वासानं मान पुढे केली. दादा म्हणाला, "माघारी ने." तेव्हा मी त्याला सांगितलं. नाला, विमान, गवत, सगळं.

दादानं बैलाच्या तोंडाकडे पाहिलं.

"मंग मी एवढी वर्सं याईले आवतन देऊन उपाशी काऊन ठेवलं बे?"

माझ्या हातात ताट तसंच होतं. दादानं एक पोळी उचलली, बैलाच्या तोंडाजवळ नेली आणि तिथंच थांबला. हात पुढे जाईना.