तापमान अंकुशरावांनीच वाढवलं होतं

"चूक कुणाची, एवढंच सांगा," शेठ म्हणाले.

"तापमान अंकुशरावांनी वाढवलं," मी म्हणाले. चार्ट समोर होता. रिअॅक्टर ठरल्यापेक्षा पंधरा डिग्री वर गेला होता. मी तसा रिपोर्ट लिहून सही केली. तो नोटीस बोर्डावर लागला आणि अंकुशराव घरी बसले. महिनाअखेर फैसला होणार होता. म्हणजे नोकरी जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

जालन्याजवळच्या एका छोट्या केमिकल प्लांटमध्ये मी केमिस्ट आहे. मक्याचे दाणे काढले की जी बिट्टी उरते, ती आमचा कच्चा माल. गावाकडं ती चुलीत जाते. आम्ही ती आम्ल घालून वाफेवर शिजवतो. त्यातून फरफ्युरल नावाचं तेलकट रसायन निघतं. ते हायड्रोजनसोबत तांब्याच्या कॅटॅलिस्टवरून सोडलं की त्याचं फरफ्युरिल अल्कोहोल होतं. त्याचं रेझिन करून लोखंड ओतणारे फाउंड्रीवाले साच्याची वाळू घट्ट धरायला वापरतात. कॅटॅलिस्ट म्हणजे सोयरीक जमवणारा मध्यस्थ. दोघांची गाठ घालून देतो, स्वतः मोकळा राहतो. आमच्याकडं एकदा भरला की वर्षभर बघायला नको. या वेळी आठ दिवसांत मेला. जास्त तापला की तो मरतो, म्हणून मी तापमानाला धरलं.

अंकुशराव पंधरा वर्षांपासूनचे ऑपरेटर. जाताना केबिनच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही उलटं लिहिलं. कन्व्हर्जन आधी पडून राह्यलं होतं, मंग मी तापमान वाढवलं."

कन्व्हर्जन म्हणजे आत सोडलेल्या मालातला किती बदलला, ते प्रमाण. मला वाटलं, अंगाशी आलं की सगळेच असं बोलतात. मी मान खाली घालून फाइल चाळत बसले.

नवा कॅटॅलिस्ट भरला. आठ दिवस मी तापमानाला कुणाला हात लावू दिला नाही. नवव्या दिवशी तोही मेला.

"आता कुणाला घरी पाठवायचं?" शेठनी विचारलं.

मग मी लॉगबुक उघडलं. आधीच उघडायला हवं होतं. सकाळी नऊला कन्व्हर्जन घसरलेलं. तापमान दुपारी दोनला वाढवलेलं. अंकुशरावांच्याच गोल अक्षरात. मरणारा कॅटॅलिस्ट ओढून चालवायचा तर अनुभवी ऑपरेटर हेच करतो. रिपोर्ट लिहिताना मी फक्त चार्टचं वरचं टोक बघितलं होतं. फार लाज वाटली.

पण मग कॅटॅलिस्ट मारतंय कोण? मी यार्डात गेले. तिथं बिट्टीच्या गोण्या रिकाम्या करणाऱ्या कौसाबाईंनी मला थांबवलं.

"मॅडम, काय है ओ या मालात? आमची जोडवी काळी पडून राह्यलीत. चिंचेनं घासून घासून बोटं दुखाया लागली."

चांदी काळी करणारा मला तरी एकच माहीत होता, गंधक. आणि तांब्याच्या कॅटॅलिस्टला गंधक म्हणजे जहर. मी एक गोणी उलटी केली. शिवणीत पिवळी पावडर होती.

वाटूरहून माल पाठवणाऱ्या सुभाषरावांना फोन लावला.

"या वेळच्या गोण्या कुठल्या हो?"

"मेव्हण्याच्या द्राक्षबागेतल्या. गंधक पावडरीच्या. बराबर झटकून घेतल्यात, मॅडम. आन तुम्हीच सांगितल्तं, ओला माल चालणार न्हाई, आतून प्लास्टिकवाली गोणी पायजे."

सांगितलं होतं खरं. गोणीत आधी काय भरलेलं नको, ते सांगितलं नव्हतं. चांगली धड गोणी टाकून देणारा शेतकरी मी बघितलेला नाही. बदनापूरला आमच्या घरी युरियाच्या गोण्यांत गहू ठेवायचे, तरी मला हे सुचलं नाही. शिजवताना गंधकाचा वायू होऊन तो फरफ्युरलबरोबर पुढं जात होता आणि तांब्याला चिकटत होता. लॅबच्या टेस्टमध्ये तेच आलं.

"गोण्या बदला, अंकुशरावला बोलवा," शेठ म्हणाले. "लेखी कशाला, मॅडम? तुमचंच नाव येईल."

खोटं कशाला बोलू, अर्धा दिवस मलाही ते पटलं होतं. दुसऱ्या दिवशी मस्तगडला अंकुशरावांच्या घरी गेले. सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी चहा दिला.

"त्यो कागद बोर्डावर लागल्ता, मॅडम. तिन्ही शिफ्टनं वाचला. हे बी तिथंच लावा, मंग येतो."

मी नवा रिपोर्ट लिहून तिथंच लावला. खाली माझी सही. सोमवारी ते कामावर आले.

आता गोणी आत घेण्याआधी तिच्यात पूर्वी काय होतं ते विचारलं जातं. कॅटॅलिस्ट व्यवस्थित चालू आहे. मीही आधी लॉगबुक वाचते, माणसाचं ऐकते, मग पेन उचलते. पण पूर्वी अंदाजावर रिअॅक्टर सांभाळणारे अंकुशराव आता एक डिग्री वाढवायची असली तरी मला फोन करतात.

"मॅडम, तुम्ही हो म्हना. मी लॉगबुकात तुमचं नाव लिहितो, मंग वाढवतो."

मी हो म्हणते.