लहान झालेलं हेल्मेट

वस्तू वाया जाऊ देणं माझ्या स्वभावात नाही. बहारीनमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतले लहान झालेले युनिफॉर्म, बूट, दप्तरं माझ्याच हातून फिरायची. कुणाच्या पोराला काय होईल, हे मला तोंडपाठ असायचं. त्याची मला घमेंडही होती. त्यामुळे माझ्या मुलाला त्याचं अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट घट्ट होऊ लागलं, तेव्हा ते कुणाला द्यायचं हा प्रश्नच नव्हता.

झिंज भागातल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहते. आमची मुलं एकाच अमेरिकन शाळेत होती. माझा सतरा वर्षांचा, तिचा पंधराचा. दर शनिवारी सखीरच्या बाजूला एका क्लबच्या मैदानावर हा खेळ चाले. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्याला अंगावर जाऊन आडवं करायचं आणि त्याला म्हणायचं फुटबॉल! पण पोरं खूश होती.

कोचनं माझ्या मुलाला वजन वाढवायला सांगितलं आणि मला तर निमित्तच हवं होतं. सकाळी सहा अंडी, दुपारी चिकन, मधे डिंकाचे लाडू. वर्षभरात तो सत्तर किलोंचा शंभरला गेला. गणपतीच्या कार्यक्रमात बायका म्हणायच्या, "काय हो, पैलवान केलात की!" आणि मी फुलून जायची. क्लबच्या खोलीत जुन्या टीमचे फोटो आहेत. त्यातली पोरं यांच्यापुढे किडकिडीत दिसतात. कोच एकदा हसत म्हणाला होता की हेल्मेटं सुधारली, पण मुलं त्याहून जास्त वाढली. तेव्हा मीही हसले होते.

मैत्रिणीचा मुलगा अंगानं अगदी काडी, पण त्यालाही टीममध्ये जायचं होतं. ती घाबरत होती. तिला मीच समजावलं, "अगं, डोक्यावर एवढं भक्कम हेल्मेट असतं. काही होत नाही." नवं अमेरिकेहून मागवायचं तर दीड महिना लागणार होता आणि सीझन तोंडावर आला होता. माझ्या मुलाचं होतंच. तिच्या मुलाला जरा सैल होतं, आतल्या गाद्या दबल्या होत्या. मी जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून मागच्या बाजूला चिकटवला. शाळेच्या स्कर्टला टीप मारावी तितक्या सहज मी ते केलं. कोचनं त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट धरून हलवून पाहिलं. ते डोक्यावर सरकलं नाही. पास झालं. बघ, म्हटलं होतं ना, असं मी तिला म्हणालेसुद्धा.

तिसऱ्या आठवड्यात सरावाच्या वेळी दोघं समोरासमोर आले. माझ्या मुलानं कोचनं शिकवल्याप्रमाणे त्याला धडक दिली. तिचा मुलगा मागे पडला, डोकं आपटलं, आणि उठला तेव्हा आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येईना. माझे लाडू माझ्याच हेल्मेटवर जाऊन आदळले. दुसऱ्या कुणाला दोष द्यायला मला जागाच उरली नाही.

डॉक्टर म्हणाले, कवटीला काही झालेलं नाही, पण मेंदू आतल्या आत हलतो, तिथे कुठलंही हेल्मेट पुरं पडत नाही. मापाचं असतं तर थोडा फरक पडला असता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्या उत्तरानं माझी झोप उडाली ती उडालीच.

आठ महिने झाले. तिचा मुलगा शाळेत जात नाही. उजेड सोसत नाही, चार ओळी वाचल्या की डोकं धरून बसतो. माझ्या मुलानं खेळ सोडला. तो जेवणाच्या ताटावरून अर्ध्यातून उठतो आणि मी त्याला आग्रह करत नाही. आणि मैत्रीण भेटेल त्याला सांगते, "ताईंनी हेल्मेट दिलं म्हणून पोर वाचलं." दर वेळी मी मान खाली घालून ऐकून घेतलं. भित्री आहे मी, दुसरं काय.

गेल्या शुक्रवारी मात्र राहवेना. खाली गेले. पडदे ओढलेले होते, मुलगा आतल्या खोलीत पडून होता. मी तिला सगळं सांगितलं. सैल होतं, गाद्या दबलेल्या होत्या, मी तुकडा चिकटवला होता. रडत रडतच सांगितलं.

तिनं माझा हात धरला. म्हणाली, "ताई, मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, 'आई, इट मूव्ह्ज.' मीच त्याला गप्प केलं. म्हटलं, मावशींनी एवढ्या मायेनं दिलंय, त्यांना वाईट वाटेल. कोच हलवून बघेल तेव्हा हेल्मेटबरोबर डोकंही हलव, हेही मीच शिकवलं."

 

आतून हाक आली, "आई, हू केम?"

"मावशी आल्यात रे," ती म्हणाली. मी आल्यापासून त्यानं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा तिनं त्याच आवाजात सांगितलं होतं.