दुसऱ्याच्या पासवर

लॉजमध्ये खोल्या झाडणाऱ्या बाईंना सगळे ‘अर्धं तिकीट’ म्हणत. एक तर उंची बेताची, आणि दुसरं म्हणजे पूर्ण भाडं भरून त्या कुठे गेल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. शहर पर्यटकांचं, नवखा चेहरा दिसला की टॅक्सीवाल्याचं मीटर हटकून बिघडायचं. बाई चादरी बदलता बदलता पाहुण्यांना सांगायच्या, “समोरून टॅक्सी धरू नका, मागच्या गल्लीतून बस जाते. आणि नदी भाजीबाजाराच्या धक्क्यावरून ओलांडा. मोठ्या धक्क्यावरच्या लाँचमधून पाणी काही वेगळं दिसत नाही.” पाहुणे हसायचे, पण ऐकायचे, आणि जाताना बस-लाँच दोन्हींना चालणारा उरलेला पास त्यांच्या हातावर ठेवायचे. तो पास मुलीला जायचा. मायलेकी लॉजच्या मागच्या गल्लीतच राहायच्या; मुलगी नदीपलीकडच्या बेकरीत कामाला होती आणि तिचा निम्मा पगार येण्याजाण्यातच उडायचा.

कोपऱ्यातल्या खोलीत उतरलेल्या तरुण बाईने मात्र काय पाहावं हे विचारलंच नाही. भर दिवसा तिचे पडदे ओढलेले असत. एकदा दार किलकिलं करून तिने बर्फ मागितला. वाटी घेताना बाही वर सरकली, तेव्हा बाईंना तिचं मनगट दिसलं. निळंजांभळं झालेलं. तिने घाईने बाही ओढून घेतली.

“मावशी, डोंगराकडची बस कुठून सुटते? रोख तिकीट देणारी?”

“जुन्या स्टँडवरून. पण पास असेल ना तुमच्याकडे?”

“तो नको,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती निघाली. हातात एक पिशवी, बस्स. जाताना आठवड्याचा पास तिने बाईंच्या मुठीत कोंबला. “नवाच आहे. वाया जायला नको.” बाईंनी तिला तोंडभर आशीर्वाद दिले.

मुलगी खूश झाली. पण एक-दोन दिवसांनी जेवताना म्हणाली, “आई, एक माणूस आहे. काल धक्क्यावर होता, आज बेकरीजवळच्या स्टॉपवर. उतरणाऱ्या एकेका बाईच्या तोंडाकडे बघतो.”

“असेल कुणी टवाळ.”

“टवाळ नाही गं. माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. माझ्याऐवजी दुसरंच कुणी उतरायला हवं होतं, असा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच माणूस लॉजच्या काउंटरवर उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज अगदी मऊ. मॅनेजरने बाईंना हाक मारली. माणसाने फोनवरचा फोटो दाखवला.

“माझी बायको. फिरायला म्हणून आलो होतो, मोठ्या हॉटेलात उतरलोय. हिचं डोकं जरा ठिकाणावर नसतं. रुसून गेली.”

“इथेच आली कशावरून?” मॅनेजरने विचारलं.

“दोघांचे पास मीच काढलेत. ती कुठे चढली, कुठे उतरली, सगळं माझ्या फोनवर दिसतं. आधी तुमच्या गल्लीत उतरली. आता रोज नदीपलीकडे जाते आणि संध्याकाळी परत इथेच येते.” बोलता बोलता त्याने काउंटरवरची घंटी सरळ रेषेत लावली. मग बाईंकडे वळला. “खोल्या तुम्ही झाडता ना? केस सापडले असतील. लांब, काळे. तिचे फार गळतात.”

“केस सगळ्याच खोल्यांत सापडतात, साहेब.”

तो हसला.

तो गेल्यावर बाई म्हणाल्या, “पोलिसांना सांगू या का?”

“बायको त्याची, भानगड त्यांची. लॉजचं नाव कशाला खराब करता?” मॅनेजर म्हणाला.

जिन्यात बसून बाईंनी विचार केला, आणि आधी त्यांना आला तो राग. त्या बाईने पास दिला होता की आपल्यामागचं झेंगट माझ्या पोरीच्या गळ्यात बांधलं होतं? पास गटारात टाकावा आणि मोकळं व्हावं. पण पास दिसेनासा झाला की हा माणूस दुसरीकडे शोधणार. जुन्या स्टँडवर विचारत फिरणार. डोंगराकडची बस थांबत थांबत जाते आणि थांब्याथांब्यावर विचारता येतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. ते मनगट काही डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी त्यांनी मुलीला घराबाहेर पडू दिलं नाही. स्वतः पास घेतला आणि डोंगराच्या उलट दिशेची, समुद्राकडची बस धरली. उतरल्या, दुसरी धरली. प्रत्येक दारात पास टेकवला की यंत्र टुंग करायचं. दुपारपर्यंत त्या अशाच लांब लांब जात राहिल्या. शेवटी खाडी ओलांडायला लाँचमध्ये बसल्या. लाँच सुटली आणि शेजारच्या जागेवर कुणीतरी येऊन बसलं.

“दमलात,” मऊ आवाज म्हणाला. “पास दाखवता?”

बाईंनी पास दिला. नकार देऊन जाणार कुठे, चारी बाजूंना पाणी होतं.

“कुठे मिळाला?”

“बसमध्ये. सीटवर पडला होता.”

“कधी?”

“आठवत नाही.”

त्याने पास रुमालाने पुसून खिशात ठेवला. “तुमची मुलगी बेकरीत असते ना? पावाच्या काउंटरला. गुणी आहे.” मग पुढचा धक्का आला. उतरताना त्याने बाईंना हात दिला, आणि त्यांनी तो धरला. नाही धरला तर काय, हे त्यांना कळेना.

त्याच आठवड्यात त्यांनी मुलीला दूरच्या गावी, आपल्या बहिणीकडे धाडलं. बेकरीतली नोकरी गेली. मुलगी आता मावशीच्या ओळखीने एका शिंप्याकडे काजं-बटणं करते. तो माणूस परत लॉजवर आला नाही. कंटाळून घरी गेला, की जे हवं ते त्याला मिळालं, हे कोण सांगणार? त्या तरुण बाईचंही पुढे काही कळलं नाही. वर्तमानपत्र आलं की बाई मॅनेजरकडून अपघात-गुन्ह्यांचं मधलं पान वाचून घेतात आणि त्यात काही नसलं की पुन्हा बादली उचलतात.

सुट्टीला त्या बहिणीकडे गेल्या, तेव्हा मुलीने शिलाईवरून मान वर न करता विचारलं, “आई, ओळख ना देख, तिच्यासाठी माझं काम घालवलंस. तुला ती नक्की डोंगराकडेच गेली हे तरी माहीत होतं का?”

“नव्हतं,” बाई म्हणाल्या.